जेवून परत येतो तो

शनिवार, ११ जानेवारी २०२५

॥ श्री ॥

आज घरात आले ते व त्याचा खर्च:
मांजरे दोन. किंमत नाही.
झाकणाची वेताची पाटी एक. परत करायची आहे.
मांजरांच्या तयार खाण्याची पिशवी, तीन किलो. ९४० रु.
रेती व ती घालायचे प्लास्टिकचे टोपले. ३१० रु.
रिक्षा, टिळकवाडी ते हिंडलगा. १८० रु. (२२० मागत होता.)
एकूण १४३० रु. म्हणजे फुकटची मांजरे चौदाशे तीसला पडली.

उंदरांनी जोंधळ्याच्या पोत्याला भोक पाडलं तेव्हा मी गप्प बसले. पण गेल्या आठवड्यात विठोबाच्या शेल्याची किनार कुरतडली, तेव्हा ह्यांना म्हटलं आता काही तरी करा. औषध घालायचं तर माझ्या गळ्यात माळ. जीव मारायचं पाप मला नको. मांजराचा तो धर्मच आहे, त्याला पाप लागत नाही. आमच्या लेकीनं, दिपालीनं, पुण्याहून फोनवर सांगितलं की टिळकवाडीत सोडून दिलेल्या मांजरांना सांभाळणारी संस्था आहे, तिथून न्या, ऑपरेशन झालेली असतात, पिलावळ होत नाही.

तिथं शाल्मली नावाची मुलगी भेटली. कपाळाला काही नाही, पण बोलायला गोड. मला एकच पाहिजे होतं. ती म्हणाली, ही दोन एकाच खोक्यात सापडली, तोडून देत नाही. कागद कानडीत आणि इंग्रजीत. ह्यांनी वाचून दाखवला, सही मी केली, कारण मांजरं माझ्या नावावर. महिन्यानं ती बघायला येणार आहे.

मांजरी पांढरीशुभ्र आहे, कपाळावर गंध लावल्यासारखा पिवळा ठिपका. बघताक्षणीच मी तिचं नाव तुळसा ठेवलं. दुसरा बोका. राखाडी, एक कान फाटलेला, एका डोळ्यावर सारा येऊन तो पांढरा पडलेला. त्याला हे खंडू म्हणाले. मी काही नाव शोधलं नाही.

घरी येऊन खाण्याची पिशवी फोडली तर मासळीचा भपकारा. आठ वर्षं माळ आहे, या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. तशीच बंद करून पलीकडे मंगलच्या पडवीत नेऊन ठेवली. मंगल माझी धाकटी जाऊ. एकाच घराचे दोन भाग, मधे एक भिंत, मागं अंगण सामाईक. भरमूभावोजी आणि ती सगळं खातात. आमच्या ह्यांना माळ नाही, ते रविवारी तिकडे जाऊन जेवतात, तसं आमचं ठरलेलंच आहे. तसंच मांजरांचंही ठरवलं. सकाळ-संध्याकाळ तिकडे खातील, राहतील इकडे. मंगल म्हणाली, "त्यात काय आक्का, टाकते की दोन मुठी."

सोमवार, १३ जानेवारी

दोघंही कॉटखाली. शाल्मलीनं सांगितलं होतं की पहिले पंधरा दिवस एकाच खोलीत ठेवा, घर ओळखीचं होऊ द्या. पण जेवायला तर न्यावं लागणारच. हे पाटीत घालून मंगलकडे नेतात आणि आणतात.

सोमवार म्हणून घर धुतलं. मांजरांचं गोणपाटही सोड्याच्या पाण्यातून काढलं. चौकटी पुसल्या, गोमूत्र शिंपडलं, धूप घातला. मांजर झालं म्हणून सोवळं सुटलं असं कुणी म्हणायला नको.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज तुळसा आपण होऊन बाहेर आली. मी तीळ निवडत होते. आधी सुपाचा वास घेतला, मग माझ्या मांडीवर डोकं टेकलं. किती हलकं असतं ते. तीळ तसेच ठेवून मी श्वास धरून बसले.

तेवढ्यात पलीकडे मंगलनं ताटलीत खाणं ओतल्याचा आवाज झाला. तुळसा उठून गेली.

मंगलला आजच लवकर वाढायचं सुचलं.

सोमवार, २० जानेवारी

आता पाटी लागत नाही. दोघं आपापली जातात. खंडू चार घास खाऊन लगेच परत येतो. तुळसा तिकडेच रेंगाळते, काल दिवे लागल्यावर आली, आज आलीच नाही. जाऊन बघितलं तर मंगलच्या वाकळीवर पसरलेली. ती वाकळ दिवाळीपासून पाण्यात पडलेली नाही, मी लिहून देते. माझं गोणपाट एवढं धुतलेलं, वाळवलेलं, ते तिला चालत नाही.

खंडूनं एक उंदीर धरला. बरं झालं. पण धुतल्या घरात आल्याआल्या त्यानं चौकटीला गाल घासले, कॉटच्या पायाला अंग घासलं, देवघराच्या उंबऱ्यालाही. मी पुसायचं आणि यानं घासायचं. मुद्दाम करतो.

शुक्रवार, २४ जानेवारी

आज हळदीकुंकू झालं. वाण म्हणून चहाची गाळणी दिली. दरवर्षी बायका येतात, कुंकू लावून घेऊन जातात. यंदा सगळ्या बसल्या, कारण पांढरी मांजर बघायची होती. मी दोनदा हाक मारली. तुळसा नाही. मग मंगल आली, तुळसाला लेकरासारखी खांद्यावर टाकून. बायका म्हणाल्या, "मंगलची मांजर लई देखणी हाय गं."

मंगल हसली. माझी न्हवं, आक्कांची, असं म्हणाली खरी, पण कसं म्हणाली ते मी ऐकलं.

सासूबाईंचंही असंच झालं होतं. दुखणं मी काढलं, पथ्याचं मी केलं, आणि शेवटी शेवटी खुर्ची टाकून बसायच्या त्या मंगलच्या दारात. दिपालीसुद्धा गावाला आली की आधी काकूकडे. मंगलकडे असं आहे काय, मला कळलेलं नाही. बोलणं फटकळ, घर पसरलेलं, दूध उतू गेलं तर तसंच वाळतंय.

बायका गेल्यावर खंडू कॉटखालून निघाला आणि माझ्या इरकलीच्या निऱ्यांना दोन्ही बाजूंनी अंग घासलं. नवीन लुगड्यावर राखाडी केस. झटकत बसले.

शनिवार, २५ जानेवारी. एकादशी

मंगलला सांगितलं, आज मांजरांना घालू नको, आज ती माझ्याकडे. वरीचा भात दुधात कालवून दोन वाट्या ठेवल्या. माझ्या घरच्या जीवाला एकादशी घडली तर वाईट काय. तुळसानं वास घेतला, वाटीभोवती फरशी उकरली आणि अंगणातून पलीकडे. मंगलनं घातलंच. म्हणाली, लेकरावानी वरडतीया, कसं बघवंल.

खंडूनं दूध तेवढं चाटलं आणि मी जपाला बसले तिथं येऊन बसला. पलीकडे वाढलंय हेसुद्धा त्याला समजत नाही. संध्याकाळपर्यंत उपाशीच होता बहुतेक.

शनिवार, १ फेब्रुवारी

खंडूच्या तऱ्हा लिहून ठेवते, शाल्मली आली की सांगायला.

एक, मी हिशेब लिहायला बसले की येऊन बसतो, पण माझ्याकडे पाठ करून. माणसाकडे कधी तोंड करायचं नाही. दोन, लांब बसला असला की एकटक बघतो आणि सावकाश डोळे मिटतो, परत उघडतो, परत मिटतो, एखाद्या इनामदारासारखा. मी काय त्याची नोकर आहे? तीन, काल माझ्या चपलेवर मेलेली पाल आणून ठेवली. ह्यांच्या चपलेवर नाही, माझ्याच. चार, मी न्हाणीत असले की दाराबाहेर बसून ओरडतो, शेजारी काय म्हणतील.

उंदीर मात्र आता नाहीत. पोतं शाबूत आहे.

तुळसा आज अंगणात दिसली. मी बोलावलं तर शेपटी उभी करून दोन पावलं आली आणि मंगलचं दार वाजलं तशी वळली.

रविवार, ९ फेब्रुवारी

हे तिकडे जेवायला गेले होते. वेंगुर्ल्याकडचे बांगडे आलेले, वासावरून कळतं. मी अंगणात वाळवण काढायला गेले तर पलीकडं हसणं चाललेलं. दारातून दिसलं, भावोजी, हे, मंगल आणि मधे तुळसा पाटावर बसलेली, पाहुणीसारखी. मंगल काटे काढून तिला भरवत होती. आणि आमचे हे ते बघून हसत होते. घरी कधी एवढं हसत नाहीत.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी दारातून म्हटलं, मंगल, माणसांना जेवायला घालतेस ते घाल, पण माझं मांजर खाण्याची लालूच लावून तोडू नकोस. ती उठून उभी राहिली, हाताला मासा तसाच. म्हणाली, "पिशवी तुम्हीच आणून ठिवलासा आक्का. मी मागाय आलती काय?"

घरी येऊन हे पायऱ्यांवर बसले. खंडू त्यांच्या मागून जेवून आला होता, तो माझ्या पायाशी. मी म्हटलं, हा एक काणा तेवढा ठेवलाय माझ्या पदरात. तर हे म्हणाले, "जेवून परत येतंय न्हवं तुझ्याकडं? मग आनि काय पायजे तुला? मीबी जेवून परतच येतोय की."

विषय मांजराचा चालला होता. स्वतःचं मधेच कुठून काढतात कळत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज शाल्मली आली. स्कूटीवरून. चहा बिनसाखरेचा घेतला, म्हणजे साखरही वाचली.

मी आधी सगळं घर दाखवलं. कसं धुते, गोणपाट कसं रोजच्या रोज झटकते, सोमवारी आणि एकादशीला कसं सोड्यातून काढते. मग पलीकडं नेऊन मंगलची वाकळ दाखवली, तुळसा तिच्यावर झोपलेली. वाटलं, आता ही पोरगी मंगलला बोलेल.

ती मलाच म्हणाली, "काकू, मांजर अंग घासून आपला वास ठेवतं. वास असेल ते घर आपलं. तुम्ही रोज पुसता, तिला रोज परक्या घरात आल्यासारखं होत असेल."

मी म्हटलं, वास ठेवतं म्हणजे घाणच की. ती हसली आणि खाली बसून चौकट बघू लागली. म्हणाली, हा खंडू मात्र हरलेला दिसत नाही, रोज नव्यानं घासतोय, हे बघा. खाली वीतभर उंचीवर तेलकट डाग होता. परक्या पोरीनं माझ्या घरात डाग दाखवावा. तिच्यादेखतच मी फडकं आणून पुसून काढला.

मग तिनं तोडगा काढला. तुळसाचा कागद मंगलच्या नावावर करू, खंडूचा तुमच्या नावावर ठेवू, अंगण एकच आहे, जोडी काही तुटत नाही. मंगल दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. पदरामागं ती हसत होती, मला दिसल्यासारखंच आहे.

मी म्हटलं, "तुळसा माझ्या सहीनं आलीय, माझ्याच घरात राहील. एक कमी करायचंच असेल तर हा बोका घेऊन जा."

शाल्मली म्हणाली, काकू, मी तसं म्हणत नाही. मी म्हटलं, मी म्हणते. ती म्हणाली, मोठं झालेलं, एका डोळ्याचं मांजर पुन्हा कुणी लवकर नेत नाही, विचार करून सांगा. मी म्हटलं, विचार झालाय. मग हे बोलले, "मने, असं करू नगं." परक्या माणसासमोर, मंगलसमोर मला नावानं हाक मारली. तिथं मग मी मागं येणार नव्हतेच.

परकी माणसं बघून खंडू माझ्या निऱ्यांत शिरला होता, त्यामुळे धरायला सोपं गेलं. मीच उचलून पाटीत घातला. दुसऱ्या कुणाच्या हाती तो लागत नाही. नखं काढली नाहीत, ओरडला नाही. वेताच्या फटीतून बघत होता आणि तसंच सावकाश डोळे मिटत होता. तेवढ्या गडबडीतही त्याला झोप येत होती.

पाटी परत गेली. ती एक जबाबदारी संपली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तुळसा परवापासून घरात आहे, दारं-खिडक्या लावून. तिला मी घासातला घास द्यायला तयार आहे. पनीर आणलं, चाळीस रुपयांचं, तोंड लावलं नाही. कॉटखाली जाते, बाहेर येते, परत कॉटखाली जाते. मग मागच्या दाराशी बसून ओरडते. मंगल अजून इकडे फिरकलेली नाही. मला वाटलं होतं ती भांडायला येईल.

हे जेवले आणि लगेच पायरीवर जाऊन बसले.

घर धुतलं. गोणपाट तेवढं सोड्यातून काढायचं राहून गेलं. आज धुतलेलं संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. चौकट पुसायला फडकं घेऊन गेले तर पुसायला काही नव्हतं. असंच तर पाहिजे होतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली. तुळसा गेली. मी न्हात होते तेव्हा दाराबाहेर कुणी नव्हतं, म्हणून कळलंच नाही.

पलीकडे गेले. तुळसा वाकळीवर. मंगल म्हणाली, न्या की आक्का, मी कुठं धरून ठिवलीया. मी हात पुढं केला तर तुळसा वाकळीत आणखी खाली रुतून बसली. मी हात मागं घेतला.

तेव्हा मंगल जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. "ही काय, जो घालंल त्याची हाय आक्का. उद्या तिसऱ्या दारात मासा शिजला तर तिकडं जाईल. त्या काण्याला का दिलासा? एवढं खायाला घातलं, पर कवा हात लावू दिला न्हाय मला. चार घास गिळायचा की भिताडाकडं बघायचा, तुमचा आवाज आला की पळाला. मला लई वंगाळ वाटायचं. म्हटलं आक्कांनी काय मंतर घातलाय कुणास ठाव."

मंगलला माझा हेवा वाटत होता. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी घरी आले. सांजवात लावली. हिशेब लिहायला बसले आणि पाठीमागं बघितलं, का बघितलं माहीत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

हे तिकडून जेवून लवकर आले. पायरीवर बसले, माझ्याकडे पाठ करून. मी विचारलं, काही झालं का तिकडे. म्हणाले, काय न्हाय, हितं बरं वाटतंय. मी वाळवण निवडत होते. दिवे लागेपर्यंत दोघं तसेच बसलो. उठावंसं वाटलं नाही.

मग म्हणाले, भरमू सांगत होता, मंगल शिवरात्र झाली की टिळकवाडीला जाणार आहे, खंडूला आपल्या नावावर आणायला.

रात्री झोप नाही. आणून तिच्या वाकळीवर ठेवणार. तिच्या हातचे काटे काढलेले मासे. आठ दिवसांत तोही रुळला तर? त्यानं तिच्या चौकटीला गाल घासले तर?

सोमवार, २४ फेब्रुवारी. एकादशी

सकाळी ह्यांच्या फोनवरून संस्थेला फोन लावला. शाल्मलीनंच उचलला. हॅलो, हॅलो म्हणाली. मी ठेवून दिला. त्या दिवशी एवढं ताडताड बोलले, आज कोणत्या तोंडानं बोलू. लिहायला बरं, लिहिताना समोरच्याचं तोंड दिसत नाही.

आज घर धुतलं नाही. एकादशी असून धुतलं नाही. त्याचं गोणपाट कॉटखाली आहे, त्यावर अजून केस आहेत. मंगलच्या पडवीतून पिशवी मागून आणली आणि आमच्या न्हाणीच्या फळीवर ठेवली. वास येतोय. विठोबासमोर बसून विचार केला. खायची बंदी मला आहे, माळ माझ्या गळ्यात आहे, त्याच्या नाही. देवाला काही वेगळं म्हणायचं असेल तर तो मला कळवेल.

पत्र लिहिलं. पाकिटात घातलं. पोस्ट बंद व्हायच्या आत हे सायकलवरून टाकून येणार आहेत. नक्कल इथं उतरवून ठेवते:

सौ. मनुबाई, मु. हिंडलगा, यांचा
चि. शाल्मलीस आशीर्वाद.

पत्रास कारण की, ता. १५ रोजी मी तुमच्याकडे एक बोका परत दिला. राखाडी, डावा कान फाटलेला, उजव्या डोळ्यात सारा, नाव खंडू. तो तुमच्याकडे अजून आहे की कोणी नेला, हे मला समजत नाही. तो काही खातो का हेही समजत नाही. अनोळखी माणसाच्या हातचं तो खात नाही, तरी ताटली ठेवून लांब उभं राहावे.

तो मला परत पाहिजे. त्याच्यात काही खोट आहे असं मी म्हटलं असेल तर ते मागे घेते. तुळसाचा कागद माझ्या जावेच्या नावावर करून द्यावा, माझी हरकत नाही, तसं लिहून देते. खाण्याची पिशवी आता माझ्या घरात आहे. धुण्याबाबत तुम्ही जे म्हणालात ते मी ऐकते आहे, मात्र देवघर धुवावेच लागेल, त्याला इलाज नाही.

आमच्या शेजारच्या सौ. मंगल याच बोक्यासाठी तुमच्याकडे शिवरात्रीनंतर येणार आहेत. त्या माणूस म्हणून चांगल्या आहेत. परंतु बोका त्यांच्याकडे देऊ नये. त्या आधी पोचल्या तरी माझा अर्ज आधीचा धरावा, पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहेच.

सोबत माझा पत्ता लिहिलेलं कोरं कार्ड ठेवलं आहे. जास्त लिहू नका. आहे, किंवा गेला, एवढं एकच त्यावर लिहून, हे पत्र हाती पडेल त्याच दिवशीच्या टपालानं मला कळवावे.